मोठ्या दाराचं तोरण

लोकरीच्या तोरणाने अख्खी वरात दारात अडकवून ठेवायचा मान आमच्या पिंगळीत फक्त मला मिळालेला आहे.

त्याचं असं झालं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं आणि सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, आम्हा दोघी जावांना फर्मावलं, "दोघी बी तोरण इणा. जिचं लांब, ते मोठ्या दाराला. दुसरं सैपाकघराला!"

थोरल्या जाऊबाई क्रोशाच्या सुईने पोपट असे विणतात की समोरचा पेरू लपवावा! गावभर त्यांचं कौतुक आणि माझ्या पोटात कायमची आग. यंदा मोठं दार मी सोडणार नव्हते.

परभणीहून राणी रंगाची लोकर आणली आणि मोर विणायला घेतले. जाऊबाई अंघोळीला गेल्या की मी त्यांचं तोरण वितीने मापून यायचे आणि आपला एक मोर वाढवायचे. (सुंदर कशाला? लांब झालं की बास!) शेवटचा टाका बंद करणं तर शक्यच नव्हतं. त्यांनी अजून एक पोपट काढला म्हणजे?

अखेर माझं टीचभर लांब भरलं. लग्नाच्या गडबडीत सुटं टोक मण्यांच्या झुपक्यात खोचलं आणि तोरण टांगलं.

नवरीने माप ओलांडलं. दिराच्या फेट्याच्या तुऱ्यात ते टोक अडकलं. जोडी देवघराकडे निघाली आणि वरचा एक मोर उसवून गेला! दुसरा गेला!

"वहिनी, मला मागून कोण वढायलंय?"

"हलू नका भाऊजी!" मी किंचाळले. ते दचकून गर्रकन फिरले, त्यात शेल्याच्या गाठीने बांधलेली नवरीही गुंडाळली गेली. मागे वरात उन्हात ताटकळलेली.

नवरीची पाठराखीण म्हणाली, "तुमच्यात अशी रीत हाय का?"

"हाय की!" मी ठोकून दिलं. (इज्जतीचा सवाल होता!)

"आमाला बी आजच कळायलंय," आत्याबाई म्हणाल्या.

जाऊबाई शांतपणे गुंता सोडवत बसल्या. "सुनंदा, शेवटचा टाका बंद केला न्हाईस का गं?"

आता काय सांगू? तुमचं तोरण मापत होते म्हणून?

मोठ्या दाराला त्यांचं तोरण लागलं. माझ्या लोकरीचं त्यांनी पायपुसणं विणलं, तेही असं की पाहुणे म्हणतात, "एवढ्या नक्षीवर पाय कसा ठेवावा!" आणि अलगद ओलांडून जातात.

मी एकटीच जाता-येता त्यावर घासून घासून पाय पुसते.