खांबाआडचा गैरहाजर

वालूरच्या किराणा दुकानदार ईश्वरअप्पांचा मल्लिकार्जुन परभणीच्या हायस्कुलात एकही दिवस चुकला नाही. तरी हजेरीबुकात तो चाळीस दिवस गैरहाजर होता. हा पराक्रम त्याने वर्गातल्या खांबाआड बसून केला.

निजामाचं राज्य, शिकवणं उर्दूत. गणिताचे मास्तर मान खाली घालून नावं पुकारत. ज्याचा 'हाजिर जनाब' कानी पडला तो हजर, बाकीचे मेलेले. पहिल्याच दिवशी मल्लिकार्जुनाचा फुटू लागलेला आवाज 'हाजिर'ला बाप्यासारखा निघाला आणि 'जनाब'ला करडासारखा. वर्ग हसला. झालं इतकंच, पण तेव्हापासून नाव जवळ आलं की तो खांबाआड सरके, तोंड मिटलेलंच राही आणि नाव पुढे निघून जाई. शेजारचा बन्सीधर एकदा त्याच्या वतीने ओरडला आणि छडी खाऊन बसला. पुन्हा कोणी परोपकार केला नाही.

शेवटी गावी चिठ्ठी गेली, मुलाला मॅट्रिकला बसू देता येत नाही. दुसऱ्या दिवशी अप्पा हजर.

"कुठं उंडारायलास रं?"

"वर्गातच असतो, अप्पा."

"मंग हजेरी का लागंना?"

"बोलता येत न्हाई."

"आता तर बोलायलास की."

अप्पांनी त्याला दंडाला धरून आत नेलं.

दोघे मुख्याध्यापकांपुढे उभे राहिले. दाराशी पोरं जमली. साहेबांनी अप्पांना विचारलं, "नाम?"

गुळाच्या एका ढेपेवरून भांडत अर्धा बाजार गोळा करणारे अप्पा! पागोटं चारदा सावरून झालं, विभूती घामाने ओघळली, ओठ हलले. आवाज मात्र नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. पोरं फिदीफिदी हसू लागली.

मल्लिकार्जुनाला ते बघवेना. "ईश्वरअप्पा, वालूर," तो बोलून गेला.

"बोलता तो है," साहेब म्हणाले. म्हणजे चाळीस दिवस हा आमची थट्टा करत होता तर!

भीती वाटते, हे सांगायलाही तोंड उघडावं लागतं, आणि ते तर पुन्हा मिटलं होतं. साहेबांनी दया केली. गैरहजेरी माफ, मॅट्रिकला बसता येईल. शिक्षा एवढीच की उद्यापासून मास्तरांच्या खुर्चीशेजारी उभं राहून सगळ्या वर्गाची नावं यानेच पुकारायची.

बाहेर आल्यावर अप्पांना कंठ फुटला. भेटेल त्याला सांगू लागले, "पोराला सरकारी काम लागलंय."

मल्लिकार्जुन पायरीवर बसून वर्गातली नावं मोजत होता. अडतीस. त्यातलं एक त्याचंच. ते पुकारायचंही त्यानेच, आणि ओ द्यायचीही त्यानेच.