नळाची भरती

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी गारखेड्यात रस्त्याकडेच्या भाजीवालीसमोर उभा राहून मेथीची जुडी निवडत होतो. रफिकभाई आमच्या वाचनालयाचे जुने सभासद, शिलाईचं दुकान चालवणारे. "अपने भरतीवाले साहब गुजर गए," ते म्हणाले. दिगंबरचं खरं नाव त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण कित्येक वर्षांपासून सगळं वाचनालय त्याला भरतीवालेच म्हणायचं, आणि ते नाव माझ्यामुळं पडलेलं होतं. मित्राच्या मरणाची बातमी माझ्याच विनोदात गुंडाळून माझ्याकडं आली... मी जुडी परत ठेवली आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

शोकसभेतही तेच झालं. वाचनालयाच्या मागच्या खोलीत सतरंजी टाकली होती, दिगंबरच्या फोटोला हार होता. बोलायला उठलेला प्रत्येक जण त्याच्या एकुलत्या एक कादंबरीवर यायचा आणि कादंबरीवरून त्या विनोदावर. लोक हसत होते, प्रेमानंच हसत होते. एकानं माझ्याकडं बोट करून सांगितलं, "ते वाक्य यांचं बरं का." दिगंबरची बायको, सुमनवहिनी, पुढच्या खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. मला बोलायचा आग्रह झाला तेव्हा घसा बसलाय असं सांगून मी सुटलो. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. घसा चांगला आहे. तेव्हा बोललो नाही ते इथं लिहितो.

दिगंबर कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून होता. निकाल लागलेल्या दाव्यांचे कागद लाल फडक्यात बांधून रॅकवर ठेवायचे, हे त्याचं काम. त्या गाठोड्याला तिथं निजामाच्या काळापासून बस्ता म्हणतात. बस्त्याची गाठ मारायची त्याची स्वतःची एक पद्धत होती. शेवटचं टोक उलटं फिरवून तो गाठीच्या पोटात दडवायचा. बस्ता कुणी उघडून पुन्हा बांधला तर त्याला नुसतं बघून कळायचं. "दुसऱ्याला तशी जमतच नाय," असं तो कौतुकानं सांगायचा. आयुष्यभर धुळीत आणि वाळवीत काढलेल्या या माणसानं समुद्रावरची कादंबरी लिहिली. 'शिडाआडचा माणूस' तिचं नाव. केरबा नावाचा एक हेर आचारी बनून शत्रूच्या बेटावरल्या किल्ल्यात शिरतो. रोज दिवेलागणीला भरती येते, भरतीबरोबर एक होडी तटाखाली लागते, आणि केरबा खिडकीतून दोरीनं बातमी खाली सोडतो. सात दिवस हा खेळ चालतो आणि सातव्या दिवशी तो स्वतःच त्या दोरीनं उतरून पसार होतो. दिगंबरनं समुद्र पाहिलेला नव्हता. लाटांचं वर्णन करायला तो वाऱ्याच्या दिवशी हर्सूलच्या तलावावर जाऊन बसायचा.

त्याच्या ओळखीत समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे मी. नोकरीची सुरुवातीची वर्षं मी रत्नागिरीला काढली होती, आणि इथं परतल्यावर त्या भांडवलावर बराच भाव खात होतो. छापायला देण्याआधी त्यानं हस्तलिखिताची झेरॉक्स माझ्याकडं आणली. लाल फडक्यात, बस्त्यासारखी बांधलेली. "समुद्राचं तेवढं बघ. बाकी नाय वाचलंस तरी चालंल," तो म्हणाला. मी ती कपाटावर ठेवली. घरात आजारपण नव्हतं, ऑफिसात जास्तीचं काम नव्हतं. सांगण्यासारखं कारण असतं तर मी ते इथं दिलं असतं. त्यानं एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी काही महिन्यांनी मी बस्ता खाली काढला, धूळ झटकली आणि त्याच्या घरी नेऊन दिला.

"वाचलं का रे?"

"झकास झालंय. समुद्र तर डोळ्यांपुढं उभा राहतो."

दिगंबरनं बस्ता मांडीवर घेतला. गाठीवरून अंगठा फिरवला. "बरं," एवढंच म्हणाला आणि वहिनींना चहा टाकायला सांगितलं. कादंबरी छापून आली तेव्हा प्रस्तावनेत छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्यापासून सगळ्यांचे आभार होते, माझे नव्हते. मला ते लागलं होतं, हेही लिहून टाकतो.

मग वाचनालयात चर्चा ठेवली. एका पुस्तकावर वाचकांनीच बोलायचं, लेखकानं समोर बसून ऐकायचं, अशी आमच्याकडची रीत. दिगंबर इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. रफिकभाई आधी उठले. "दो बैठक में खतम किया मैंने. लेकिन साहब, इतना पानी है और केरबा एक बार बी भीगता नहीं. उसके कपडे कौन सीता है, मेरे कू पता बता दो." दिगंबर मनापासून हसला. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक बाई म्हणाल्या, "हेर असून आईला खुशालीचं पत्र पाठवतो, हे काही मला पटलं नाही. पण ते पत्र वाचताना रडले मात्र." शेंद्र्याच्या कारखान्यात काम करणारा एक जण म्हणाला, "लई भारी, साहेब. सेकंड शिफ्टला जायचं व्हतं, बस चुकली माझी." असं सगळं चाललं होतं. दिगंबरचा चेहरा इतका उजळलेला मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

शेवटी एक बँकेतले गृहस्थ उठले. बदलीवर आलेले, मूळचे मालवणचे. अगदी सौम्यपणे ते म्हणाले, "पुस्तक आवडलं. एक शंका आहे. भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. मग सातही दिवस ती दिवेलागणीलाच कशी? सातव्या दिवशी तटाखाली पाणी नसणार, चिखल असणार. होडी येणारच नाही." मग बाई माझ्याकडं वळल्या. "तुम्ही तर रत्नागिरीला होतात. तुम्ही सांगा ना."

मला उत्तर ठाऊक होतं. समुद्राकाठी महिनाभर राहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. नुसती पानं चाळली असती तरी केरबाच्या दुसऱ्याच दिवशी मी अडखळलो असतो. दिगंबर माझ्याकडं पाहत होता. आता हा सांगेल, 'मी याला वाचायला दिलं होतं,' याच भीतीनं मी बोललो. "त्याचं काय आहे, आपल्याकडं पाणी महापालिकेच्या पाळीनं येतं. दिगंबरला वाटलं, समुद्रालाही पाणी सोडणारा लाइनमन असतो."

ज्या गावात लोक पाण्याच्या पाळीवरून पाहुण्यांना यायचा दिवस कळवतात, तिथं हे वाक्य किती चालावं. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. रफिकभाई हसले, बाई हसल्या, दिगंबरही हसल्यासारखं करून उठला. "चूक माझी हाय," तो म्हणाला. "कुणाला तरी दाखवून घ्यायला पाहिजे होतं." त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. सगळ्यांच्या देखत त्यानं मला सोडवलं आणि मी मान डोलावली... मोठ्या मनानं सल्ला द्यावा तशी.

त्या दिवसानंतर वाचनालयाच्या दारात "काय साहेब, आज भरती किती वाजता?" सुरू झालं. दुसरं पुस्तक त्याच्या मनात होतं, ते मनातच राहिलं. आमचं येणंजाणं चालू होतं. माणसं एकमेकांना भेटत राहतात, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

शेवटची भेट हर्सूलच्या तलावावर झाली. संध्याकाळचं फिरून आम्ही कठड्याला टेकलो होतो. तो अचानक म्हणाला, "ती चूक दुरुस्त करून पाहिली मी. भरती सरकवली की केरबा पकडला जातो रे. सगळं बरोबर करून तो सातव्या दिवशी दोरीनं उतरतो, अन् खाली चिखल." मला ते फार आवडलं. मी म्हणालो, "मग लिही ना पुन्हा. मूळच्यापेक्षा चांगलं होईल."

"वाचणार कोण?" तो म्हणाला.

मी त्याला आजकालच्या वाचकांबद्दल, मोबाइलबद्दल बरंच काही सुनावलं. त्यानं ऐकून घेतलं.

दिगंबरचे दिवस झाल्यावर मी वहिनींना भेटायला गेलो. स्वयंपाकघरात बसलो होतो. मी म्हणालो, "वहिनी, त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं." त्या शेंगा सोलत होत्या. "बोलण्याचं काय, भाऊजी. बोललेलं ते इसरले असते. तुम्ही वाचलं नव्हतं, ते त्यांना तुम्ही दारात आले तवाच कळलं व्हतं." त्या उठल्या आणि त्यांनी माळ्यावरच्या पेटीतून लाल फडक्याचा बस्ता काढून माझ्यापुढं ठेवला. टोक गाठीच्या पोटात, जसंच्या तसं. "त्यांचीच गाठ हाय. नंतरबी सोडली नाय त्यांनी."

"मग छापायला कसं दिलं?"

"दुसरं कुणाला दाखवायचं? तुमच्याशिवाय समुद्र पाह्यलेला व्हता कोण? म्हणले, त्याला येळ नसंल, पुन्यांदा कशाला लाजवायचं."

मी बस्त्याकडं हात नेला. "मी घेऊन जातो. वाचतो."

"आता काय वाचता," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मी हात मागं घेतला. बस्ता त्यांनी पुन्हा पेटीत ठेवला.

तेवढ्यात बाहेर नळ फुसफुसला. त्या लगबगीनं हंडे घेऊन गेल्या आणि मी एकटा उरलो. गॅसच्या वर भिंतीवर कालनिर्णयासारखं एक मोठं कॅलेंडर टांगलेलं होतं. पाण्याच्या पाळीच्या तारखांना वहिनींनी निळ्या पेनानं गोल केले होते. आणि प्रत्येक चौकटीत, तिथीच्या खाली, पेन्सिलीचे बारीक आकडे होते. दिगंबरचं अक्षर. तिथीवरून भरतीची वेळ काढायचा हिशोब तो त्या मालवणच्या गृहस्थांकडून शिकला असणार. चौकटीगणिक वेळ पाऊण तासानं पुढं गेलेली होती. पुढची पानं उलटून पाहिली. वर्ष संपेपर्यंत त्यानं सगळं भरून ठेवलं होतं.

मी आजची चौकट शोधली. आज भरती दिवेलागणीला होती. म्हणजे केरबाचा पहिला दिवस. आज होडी येईल, दोरी खाली सुटेल, बातमी पोचेल, सगळं ठीक होईल. बाहेर हंडा भरल्याचा आवाज आला आणि वहिनींनी हाक मारली, "भाऊजी, जाताना दार ओढून घ्या."