बमरोलीचे रिकामे पिंजरे

सुरतेत प्लेग आला त्या वर्षी सगळं शहर बाहेर पळत होतं आणि मी आत निघालो होतो. हौस कसली! आरोग्य खात्यात उंदीर पकडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा मोजायचं काम होतं माझं. जळगावहून पॅसेंजर पकडली. डबा ओस, समोरून येणाऱ्या गाड्यांना मात्र माणसं लटकलेली. या मार्गानं गेलात तर नवापूरला उतरून बघाच, अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. मी चहा आपल्या बाजूला प्यालो, उगाच.

सुरतेच्या अलीकडच्या उधना स्टेशनवर रिक्षावाला म्हणाला, "सब जा रहे हैं, आप आ रहे हो?" तरी तोंडाला रुमाल बांधून त्यानं बमरोलीच्या कामगार वस्तीत सोडलं. हॉटेलं बंद. एका गाडीवर खमण मिळालं, त्यावर दिवस काढला.

लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या, चाळीत संध्याकाळी भाकरीचे तुकडे लावून पिंजरे ठेवले. दोन सकाळी खोल्यांच्या शेवटच्या ओळीतले सगळे रिकामे. 'उंदीर नाहीत' असं लिहून मी ती ओळ औषध फवारणीतून वगळली. तिसऱ्या सकाळी नीट पाहिलं. दार बंद, भाकरी गायब, आत ताज्या लेंड्या. उंदीर काही कडी लावून जात नाही!

समोरच्या खोलीतल्या सुनंदाताई, मूळच्या अमळनेरच्या, पदर चाळवत पुढे आल्या.

"मीच सोडी दिधात, भाऊ. गनपतीनं वाहन शे ते. आत्तेच बाप्पाले निरोप दिधा, आते त्याले मरासाठे कसं देऊ?"

"हातानं सोडले?"

"मंग?"

प्लेग पसरवणाऱ्या पिसवा त्यांच्या हातावर आल्या असतील, तर? उंदीर मेला की पिसवा माणसावर येतात, म्हणून आधी बिळांत भुकटी मारून पिसवाच मारायच्या, हे त्यांना समजावलं. पिंजऱ्यातला उंदीर मात्र मरणार, हेही लपवलं नाही.  दुपारी ती ओळ फवारून घेतली, त्यांना प्लेगच्या प्रतिबंधक गोळ्या सुरू केल्या.

चौथ्या सकाळी पिंजऱ्यात उंदीर होता. झाकणावर हळदकुंकू. सुनंदाताई पाठ फिरवून उभ्या होत्या.

त्या उंदराला कंगव्यानं विंचरल्यावर पांढऱ्या परातीत पिसवाच पिसवा पडल्या.

मी निघेपर्यंत त्यांना ताप आला नाही. घरी बायकोनं माझे कपडे उकळत्या पाण्यात टाकले, आणि मी अंगणात बसून राहिलो. घरोघरी मी विचारलं होतं, उंदीर आहेत का. त्यांचं तुम्ही काय करता, हे एकाही दारात विचारलं नव्हतं.