उताणं झोपायचं नाही

मागच्या हिवाळ्यात गारगोटीच्या एका कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचं लांबलचक वाक्य: कुस्ती आणि फुटबॉल, दोन्हींवर पोट भरलेला आपल्या जिल्ह्यातला दुर्मिळ खेळाडू. दुर्मिळ म्हटल्यावर मला सर्कशीतलं अस्वल आठवलं. नारळ त्यांनी माझ्या डाव्या हातात दिला, तो मी लगेच उजव्यात घेतला. डाव्या हातात काही आहे की नाही, हे मला कळत नाही, बघावं लागतं. फोटोत मी त्या हाताकडेच बघतोय. लोकांना वाटलं, गडी भारावून गेलाय. मला काही वाटत नव्हतं. बरीच वर्षं तसंच चाललं होतं.

बोला म्हणाले तेव्हा दोन मिनिटं बोललो. मेहनत करा, मोबाईल कमी बघा, वगैरे. जे सांगायचं होतं ते माईकवर सांगण्यासारखं नव्हतं.

माझं गाव गडमुडशिंगी. तेराव्या वर्षी वडिलांनी एक वळकटी आणि तुपाचा डबा बरोबर देऊन शहरातल्या एका पेठेच्या तालमीत आणून सोडलं. तालीम वस्तादांच्या हुकमावर चालायची. वस्ताद बुटके, आणि मान अशी की शर्टाचं वरचं बटण त्यांना जन्मात लावता आलं नाही. त्यांचा एक नियम दुसऱ्या कुठल्या तालमीत मी ऐकला नाही: उताणं झोपायचं नाही. दुपारी खुराक खाऊन पोरं ओळीनं आडवी झाली की ते काठी घेऊन फिरायचे. कुणाची पाठ जमिनीला टेकलेली दिसली की बसलीच काठी.

"झोपंत सवय लागली तर फडात बी लागंल," म्हणायचे.

मातीतल्या कुस्तीत पाठ लागली की खेळ संपला, एवढाच कायदा. दोन-तीन वर्षांत माझं अंग असं झालं की कूस बदलायची तर मी पोटावरून बदलायचो. लग्न झाल्यावर बायको काही दिवस बघत राहिली, मग म्हणाली, "तुमी झोपताय का कुनाशी झटताय?"

फुटबॉलही मला तालमीनंच लावला. बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता लाल मातीचा हौद नव्हे, पेठेची फुटबॉल टीमही तालमीच्याच नावानं खेळते. एका मॅचच्या दिवशी आमचा गोलकीपर तापानं फणफणला. टीमचा कप्तान हौदाशी आला, सगळ्यांवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी थांबला. "ह्याचं हात बघा की, पार गुडघ्यापातूर हायत." वस्तादांनी मान हलवली म्हणून मी गेलो. समोरच्या पेठेचं पब्लिक मला बघून "म्हस आली, म्हस आली" ओरडत होतं. ओरडू देत. म्हशीच्या पलीकडची जाळी त्यांना शेवटपर्यंत दिसली नाही.

त्यानंतर मी दोन्ही खेळत राहिलो. जत्रांची कुस्ती मैदानं आणि फुटबॉलचा सीझन आमच्याकडे एकाच वेळी येतात. त्यामुळे पहाटे हौद, दुपारी स्टेडियम आणि मॅच नसेल त्या दिवशी कुठल्या तरी गावची जत्रा. कुस्तीला वजन लागतं आणि फुटबॉलला ते अडचण होतं, म्हणून वर्षभर मी थंडाई कमी पितो की जास्त, यावर दोन्हीकडची माणसं माझं डोकं खायची. एकदा पेठ वडगावला कुस्ती बरोबरीत सुटली आणि मी लंगोटावरच पँट चढवून मोटरसायकलनं मॅचला आलो. कानात माती तशीच. रेफरीनं विचारलं, रक्त आहे का. म्हटलं, न्हाय, वडगाव हाय.

मग दुसऱ्या एका पेठेच्या संघानं मला बोलावलं. सीझनचा करार, राहायला खोली, वर मानधन. जत्रेच्या इनामावर संसार होत नाही, हे तोवर मला कळलं होतं. वस्तादांना सांगायला गेलो तेव्हा ते खोऱ्यानं हौदातली माती वरखाली करत होते.

"त्या पेठंकडनं?"

"व्हय."

खोरं थांबलं नाही. त्या दिवसापासून चार वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. मेहनतीला मी त्यांच्याच हौदात यायचो. त्यांनी हाकललं नाही, पण मी उतरलो की ते तोंड फिरवून उभे राहायचे. या चार वर्षांत मी कुस्त्या मारल्या, कप जिंकले, पेपरात फोटो आले. पण खरं विचाराल तर मला एकच गोष्ट हवी होती: वस्तादांनी तोंड उघडावं. शिवी दिली असती तरी ती मी घरी घेऊन गेलो असतो.

आणि मग फायनल आली, ती आमच्या नव्या संघाची माझ्याच जुन्या तालमीशी. वस्ताद कधी स्टेडियमवर यायचे नाहीत, त्या दिवशी आले. गोलपोस्टच्या मागच्या बाजूला, पहिल्या पायरीवर. त्यांची मान लांबूनही ओळखू यायची.

शेवटच्या काही मिनिटांपर्यंत गोलच नव्हता. मी पोस्ट सोडून बराच पुढं आलो होतो. जुन्या तालमीच्या एका पोरानं ते बघितलं आणि लांबून चेंडू माझ्या डोक्यावरून उचलला. मी उलट्या पावलांनी पळालो आणि उडी मारली. असा चेंडू बारवरून ढकलायचा तर पाठीवर पडावं लागतं, कुठलाही गोलकीपर पडतो. माझी बोटं चेंडूला लागली. आणि तेवढ्यात माझ्या पाठीला कळलं की जमीन येतेय. मी ठरवलं नाही. अंग हवेतच फिरलं, हात चेंडूवरून निघाला आणि मी डाव्या खांद्यावर आणि मानेवर आपटलो. मानेपासून बोटांपर्यंत वीज गेल्यासारखं झालं, आणि मग काहीच नाही. चेंडू जाळीत होता.

मॅच संपल्यावर मी हात पोटाशी धरून बाहेर येत होतो. आमच्या नव्या संघाच्या पेठेची माणसं दोन्ही बाजूंना उभी होती. वस्ताद पुढं आले आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणाले, "पाठ लागू दिली न्हाईस. शाब्बास. उद्या पाटंला ये."

चार वर्षं ज्याची वाट बघितली ते हे. मला काहीच वाटलं नाही. हाताचं बधिरपण वरपर्यंत आलं असावं. मागून कुणीतरी म्हणालं, "मंजी मुद्दाम सोडला की." संध्याकाळपर्यंत ते पेठेतल्या सगळ्या कट्ट्यांवर पोचलं होतं. खोली सोडायला सांगितलं तेव्हा मी भांडलो नाही. मुद्दाम नव्हतं, हे कुणाला आणि कसं पटवणार? चूक माझ्या अंगानं केली होती, मला न विचारता.

त्याच रात्री डॉक्टरांनी मानेचे फोटो दिव्यावर लावून दाखवले. नस गेलीय, म्हणाले. कुस्ती बंद, फुटबॉल बंद, जड उचलणं बंद. मी बरं म्हटलं आणि रिक्षानं घरी आलो.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तालमीत गेलो, कारण वस्तादांनी ये म्हटलं होतं. ते हौदाच्या कडेला बसले होते. "खांदा बरा झाला की कुस्तीला जोड बघतो तुजी," म्हणाले. चेहरा इतका उजळलेला की माझ्या तोंडून निघालं, "व्हय वस्ताद, जरा बरा हून दे." हे खोटं पुढं सहा वर्षं चाललं. मी एका दूध संघात नोकरीला लागलो. रोज पहाटे तालमीत जायचो, उजव्या हातानं माती ओढायचो, पोरांना तोंडानं डाव सांगायचो. दर वर्षी जत्रा आल्या की ते विचारायचे, "औंदा उतरायचं का?" आणि मी म्हणायचो, पुढच्या साली. त्यांच्या त्या शाब्बासकीखाली दोन्ही खेळ गाडले गेलेत, हे त्यांना सांगायला माझी जीभ उचलत नव्हती.

यंदा उन्हाळ्यात वस्ताद न्हाणीत घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण उठणं नाही. सून बिचारी सगळं करायची, पण त्यांना कुशीवर वळवणं तिच्यानं होत नव्हतं, आणि ते उताणे राहायला तयार नव्हते. म्हणून रोज सकाळी मी जायचो. खाट भिंतीला अशी होती की उजवा हात खांद्याखाली घालायचा, गुडघा टेकवायचा आणि वळवायचं. जमत होतं.

एक दिवस गेलो तर उकाड्यामुळं खाट खिडकीकडे नेलेली. आता डोकं दुसऱ्या बाजूला, म्हणजे खांद्याखाली डावा हात घालावा लागणार. घातला. अर्धं वळवलं आणि तो हात निसटला. वस्ताद गादीवर पाठीनंच पडले.

मी उजवा हात पुढं केला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि डावा धरला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो, ओरडतील म्हणून. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. खाली नजर गेली तेव्हा कळलं, त्यांनी माझ्या तळहातात नख रुतवलं होतं.

"कळत न्हाय?"

"न्हाय."

"कदीपास्नं?"

"फायनलपास्नं."

पंखा फिरत होता. नख काढून घेत ते म्हणाले, "मी शाब्बास म्हनलो, तवा बी?"

"व्हय."

सून दारात आली, मी धरू का म्हणाली. मीही म्हटलं, वस्ताद, उजव्या हातानं वळवतो, तिकडून येतो. त्यांनी मान हलवली.

"नगं. ऱ्हाऊ दे. लागू दे पाठ."

आणि ते तसेच राहिले, उताणे, आढ्याकडे बघत. मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साधं, सरळ वाईट वाटलं. मी खाटेच्या कडेला बसलो. त्यांनी माझा हात अजून धरून ठेवला होता. तेही मला बघूनच कळलं.