‘अनइव्हनली’चा वाटेकरी

मी घाटनांदूर सोडलं त्या सकाळी अब्बांनी हातगाडा लावला नाही. सीताफळाच्या हंगामात गाडा न लागणं म्हणजे आमच्या घरी मय्यत, नाहीतर शादी. ते स्टँडवर आले, माझी बॅग स्वतः एसटीत चढवली आणि खिडकीखाली उभे राहून म्हणाले, “दिल लगाके पढ. घर की फिकर नक्को कर.” मी केली नाही. वडिलांची एवढी एकच आज्ञा मी आयुष्यभर तंतोतंत पाळली.

आपा स्टँडवर आली नव्हती, घराच्या दारातच थांबली. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ही बहीण. इंग्रजी मला तिनं शिकवलं. तिची दहावी झाली तेव्हा मी सातवीत होतो. “दोनों को भेजने की ताकत नईं,” अब्बा म्हणाले होते, आणि पुढे कधीतरी मला जाता यावं म्हणून तिला तिथंच थांबवलं. मार्क तिचे जास्त होते.

पुण्यात आता मी शब्दकोश करतो, विद्यार्थ्यांसाठी, इंग्रजी-मराठी. आमच्या मुख्य संपादक सरांच्या केबिनमध्ये इतकी मानपत्रं आहेत की भिंतीचा रंग कोणता, हे सांगता येत नाही. गेल्या वर्षी माझ्या वाट्याला ‘यू’ अक्षर आलं आणि त्यात ‘अनइव्हनली’ आला. अर्थ: असमानपणे, कमी-जास्त, कुठे दाट तर कुठे विरळ. उपयोग: रंग, पाऊस, श्वास, संपत्ती. सरांनी सुचवलेलं उदाहरण होतं, केक असमान कापला गेला. केक आम्हाला परका राहिलेला नाही. गावच्या चौकात पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तो तलवारीनं कापतात, आणि वाटतात तेव्हा अनइव्हनलीच वाटतात. तरी मी दुसरं वाक्य लिहिलं: बापाने मुलांमध्ये शिक्षण असमान वाटले. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. म्हणाले, “हा कोश आहे, तक्रारपेटी नाही.”

वापराची टीप लिहिताना मला या शब्दाची खरी सोय कळली. तो वापरला की वाटलं कुणी, हे सांगावं लागत नाही. पाऊस असमान पडतो, रंग असमान बसतो, संधी असमान मिळतात. हात कुठेच दिसत नाही. अहवाल लिहिणाऱ्यांना हा शब्द एवढा का आवडतो, ते त्या दिवशी समजलं.

अब्बांचा हात मात्र सगळ्या बाजाराला दिसायचा. ते सीताफळं तराजूवर विकत नसत, वाटे लावून विकत. गाड्यावर पोतं अंथरायचं आणि त्यावर ढीग मांडायचे. एक थोर, दोन मध्यम, चार बारकी. एका ढिगात पिकलेली जास्त, तर शेजारच्यात आकार मोठा. फळं कधीच सारखी नसतात, वाटे सारखे करायचे असतात, आणि ते नजरेनं करायचे. एखादी बाई म्हणायची, “ओ चाचा, ह्यो वाटा लहान हाय की.” अब्बा म्हणायचे, “मग त्यो घे, मावशी. ह्यो मी घरी नेतो.” बाई दोन्हींकडं बघायची आणि पहिलाच उचलायची.

एवढा नेमका माणूस आपल्या दोन लेकरांचे वाटे लावताना चुकला, असं मी पुढे वर्षानुवर्षं सांगत आलो. अब्बा गेल्यावर त्यावर एक लेखही लिहिला. लोकांना आवडला. एका कार्यक्रमात तो वाचला, तेव्हा मला शाल मिळाली.

गेल्या जूनमध्ये आपाचा फोन आला. तिची सानिया दहावी झाली होती आणि तिला पुण्यात शिकायचं होतं. “छोटे, दो साल तेरे घर में रखता क्या इसको? तेरे कू बोझ नईं होने देती. हुशार है रे.”

मी बघतो म्हणालो. दोन दिवसांनी कारणं सांगितली: टू बीएचके, मुलाचं बोर्डाचं वर्ष, प्रत्येकाला लागणारी स्पेस, बायकोची नोकरी. बायकोचं नाव शेवटी घेतलं आणि त्यावर जास्त जोर दिला. खरं म्हणजे बायकोला मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, ही भीती होती.

आपा एवढंच म्हणाली, “ठीक है. तेरे कू तकलीफ नक्को.”

सख्खा मामू ठेवत नाही तर परक्या शहरात पोरगी कुणाच्या भरवशावर पाठवायची, असं आपाचे यजमान, दुल्हाभाई म्हणाले आणि विषय मिटला. सानियाचं नाव कुठंच घातलं नाही. ती घरी असते. तिला स्थळं बघायचं चाललंय. संधी असमान मिळतात. बघा, वाक्य किती स्वच्छ बसतं.

ईदेला आपाच्या घरी गेलो. तुमच्यातले जे गावीच राहिले त्यांना मी शीरखुर्मा पिऊन, सगळ्यांची गळाभेट घेऊन परतणारा माणूस म्हणून माहीत आहे. जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे सांगायला नको, की आपलं घर किती लांब गेलंय ते तिथली पहिली दोन वाक्यं ऐकली की कळतं. आम्ही आपसात दखनी बोलतो. मराठी ही बाजाराची, गिऱ्हाईकाची, सरकारी माणसाची. मी मराठीत लिहितो, मराठीवर पोट भरतो, पण त्या उंबऱ्याच्या आत मराठी कुणी कुणाशी बोलत नाही.

सानियानं पाणी आणून ठेवलं, सलाम केला आणि आत गेली. आपा ओढणी सावरत बाहेर आली. मला वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं.

“या, बसा,” ती म्हणाली. “चहात साखर चालती न्हवं तुमाला?”

जन्मल्यापासून आपा माझ्याशी मराठीत बोलली नव्हती. तिनं मला कधी ‘तुमी’ही म्हटलं नव्हतं. आवाजात राग नव्हता. अब्बा गाड्याशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी बोलायचे, तसा तो गोड होता.

मी म्हणालो, “चालते.” मराठीतच.