नऊ नंबरचा तंबू

पुतळाबाईचा जीव जळायला लागला की ती झाडू हातात घेते. सिल्वासाच्या आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक. समोरच्यांकडे नवा फ्रिज उतरला त्या दिवशी तिनं आख्खी गल्ली नळापर्यंत झाडून काढली. आम्ही म्हातारे ओट्यावर पाय वर घेऊन बसलो आणि मनात म्हणालो, अजून दोन-चार घरी फ्रिज येऊ दे.

बाई धुळ्याकडची. नवरा झुंबर इथं धाग्याच्या कंपनीत. धाकटा दीर संजूही तिथंच, आणि त्याची बायको अलका म्हणजे हिची जाऊ. दुधनीला धरणाच्या पाण्याकाठी अनंतशेठनी मुक्कामाचे दहा तंबू लावले, तेव्हा दोघी जावा तिथं कामाला लागल्या. एक ते पाच टेकाडावर, मोहाच्या झाडाखाली, ते पुतळाबाईचे. सहा ते दहा पाण्याच्या फाट्यावरची फळी ओलांडून पलीकडे, ते अलकाचे. सोमवारी दोघी खानवेलवरून बसनं घरी येत. बस एकच, बाकडी वेगळी. मग मला अर्धी हकिकत एकीकडून कळायची, अर्धी दुसरीकडून.

गिऱ्हाईक मुंबई-सुरतेला बसून मोबाइलवर नकाशा उघडतं, आपल्याला हवा त्या तंबूवर बोट ठेवतं, आणि खाली खुणा करतं: पाण्याजवळ, सावलीत, संडास जवळ, शांत जागा. तुषार मॅनेजर रोज सकाळी ती यादी वाचून दाखवी. रोज पहिला भरे नऊ नंबर. मग आठ, मग दहा. टेकाडावर लोक यायचे ते खाली जागा उरली नाही म्हणून.

"पाणी मला नाही? सावली मला नाही?" पुतळाबाई झुंबरला विचारायची. "ती काहीतरी खायला घालते त्यांना."

"काय घालणार? तुझ्याच हाताखाली भाकरी शिकली ती."

हे ऐकून तर आणखीच आग. तिनं तंबूंपुढचं अंगण शेणानं सारवलं, झेंडूच्या माळा बांधल्या, मोहाच्या फांद्यांवर रंगीत दिवे चढवले. पहाटे बांग देणारा कोंबडासुद्धा दुधनीत कुणाला देऊन टाकला, शांत जागा पाहिजे ना, म्हणून. नऊ नंबर आपला भरलेलाच.

तुम्ही म्हणाल, शंभर पावलांवरचा तंबू, जाऊन बघायचं की. पण गेल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अलकानं पुरणपोळीचं आवतण संजूच्या तोंडी धाडलं होतं, स्वतः आली नव्हती. तेव्हापासून मोठी जाऊ फाटा ओलांडत नव्हती. बोलावल्याशिवाय धाकटीच्या दारात कशी जाणार?

माघ सरता सरता तुषारनं सांगितलं, "मावशी, होळीनंतर गर्दी ओसरते. शेठ म्हणतात, एकच रांग ठेवू. जिचं बुकिंग कमी, ती गुंडाळायची." बुकिंग कुणाचं कमी हे विचारायची गरज नव्हती. पुतळाबाई घरी आली, आणि चाळीचा जिनासुद्धा झाडला तिनं.

दिवाळीला शेठनी प्रत्येक कामगाराला एक रात्र फुकट मुक्कामाचं कुपन दिलं होतं. कुणी वापरलं नव्हतं; जिथं राबायचं तिथंच पाहुणं काय व्हायचं? त्या सोमवारी तिनं डब्यातून कुपन काढून झुंबरपुढं ठेवलं.

"मोबाइलवर नऊ नंबर घाल. माझ्या नावानं."

"डोकं फिरलं का तुझं?"

"बुकिंग केलं म्हणजे आवतणच झालं. आता तिला मला पाणी द्यावंच लागंल."

बुधवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन फाटा ओलांडून गेली. अलकानं यादीत नाव वाचलेलंच होतं. तांब्या पुढं करून म्हणाली, "या जाऊबाई. पाहुण्यांनी चप्पल बाहेर काढायची असते."

"माहीत आहे. मीच शिकवलंय तुला."

रात्रभर पुतळाबाई कान देऊन पडून होती. काही नाही. उशी तीच, चादर तीच. उजाडता उजाडता तिनं तंबूची चेन सरकवली आणि तिथंच बसून राहिली.

समोर पाणी. पाण्यापलीकडे टेकाड. मोहाला तांबूस पालवी फुटलेली, तिच्यात रंगीत दिवे अजून चालू, खाली झेंडूच्या माळांचे पाच पांढरे तंबू, आणि हे सगळं पुन्हा एकदा पाण्यात उलटं.

अलका चहा घेऊन आली. "हेच बघायला येतात मेले," ती म्हणाली. "मी इथं मरमर झाडते, आणि फोटो काढतात ते तुमच्या तंबूंचे."

"तू बोलली का नाहीस?"

"का बोलू? माझा जीव जळत नसंल?"

दोन वर्षं थोरलीनं रांधलं आणि पंगत धाकटीकडं बसली. पुतळाबाईनं चहा संपवला, कप विसळून दिला, आणि तशीच तुषारकडे गेली. अलका मागोमाग.

"माझी रांग गुंडाळली तर नऊ नंबरवाले बघतील काय? मागची पाण्याची टाकी?"

तुषारनं मोबाइलवर त्यांची साइट उघडली. टेकाडाचा फोटो मागच्या रस्त्यावरून काढलेला, त्यात खरोखरच काळी टाकी पुढं आणि तंबू तिच्याआड. "नऊ नंबरवरून काढायला पाहिजे हा," तो म्हणाला.

"काढ," पुतळाबाई म्हणाली.

अलका हळूच बोलली, "आणि माझा यांच्या टेकाडावरून काढ. एकटीचाच नको."

नवे फोटो लागले. होळीनंतर टेकाडावर गिऱ्हाईक यायला लागलं, आणि शेठनी दोन्ही रांगा ठेवल्या. पण जीव जळायचा थांबला असं समजू नका. मुक्काम झाल्यावर पाहुण्याला तारे देता येतात, पाचापैकी. पुतळाबाईनं नऊ नंबरला चार दिले. का, तर चहात आलं कमी.

परवा तुषारनं यादी वाचली. तंबू नंबर तीन, मुक्काम एक रात्र, खुणा: पाण्याजवळ, सावलीत. नाव अलका. आपलं कुपन तिनंही जपून ठेवलं होतं. पुतळाबाईनं फाट्यापर्यंत जाऊन तिला पाण्याचा तांब्या दिला, आणि सकाळी चहात मूठभर आलं ठेचून घातलं.

अलकानं चार तारे दिले.

"आता काय कमी होतं वं?" पुतळाबाईनं बसमध्ये विचारलं. या खेपेला बाकडं एकच होतं.

"काही नाही. मोठ्या जावेपेक्षा जास्त कसे देणार?"

घरी आल्या आल्या पुतळाबाईनं झाडू घेतला.