खंडेनवमीला सायकलवर माहेरी

राखीपौर्णिमेला, भरल्या ताटावर, माहेरच्या सगळ्या माणसांसमोर मी बोलून बसले, "यंदा खंडेनवमीला मी सायकलवर येणार. आणि माझी सायकल पूजेच्या रांगेत लावणार."

दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. वहिनीने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. माझे वडील, आप्पा, चौऱ्याऐंशीचे, शांतपणे भात कालवत म्हणाले, "ये की. बारा वाजता पूजा असती. आली तर लाव."

आमची वस्ती वांबोरीचा घाट उतरल्यावर लागते. खंडेनवमीला तिथे अंगणात ज्याचं त्याचं हत्यार मांडतात. आप्पांची कुऱ्हाड आणि पहार, दादाचा ट्रॅक्टर, वहिनीचं शिलाई मशीन. सगळं धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, वर झेंडूची माळ. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, त्यालाही विश्रांती. त्या रांगेत माझं कधीच काही नव्हतं. दादा आठवीत गेला तेव्हा त्याला सायकल आली आणि ती रांगेत लागली. मी मागितली तेव्हा आप्पा म्हणाले होते, "पोरीला कशाला सायकल? पडली-झडली तर?" विषय संपला. मी शेवटी सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकले, नगरच्या भुईकोट किल्ल्याभोवतीच्या रस्त्यावर, पहाटे, कुणी ओळखीचं दिसायच्या आत. चांगली सात-आठ वेळा पडले, झडले मात्र नाही.

तर खंडेनवमीला सकाळी साडेपाचला आम्ही नगरहून निघालो. आम्ही म्हणजे मी आणि आमचे हे. यांना दोनच वेडं, चहा आणि जुने दगड. "वाटेत मांजरसुंब्याचा गड बघू, डोंगरगणला देवळात जाऊ, अकरापर्यंत तुझ्या माहेरी," असा यांचा बेत. पंक्चरचं सामान घ्यायचं का, असं मी विचारलं तर म्हणाले, "फाट्याफाट्यावर पंक्चरवाले बसलेत. उगीच ओझं कशाला?" मलाही ते पटलं. दोन शहाणी माणसं एका घरात असली की असं होतं.

शेंडी गाव मागे पडलं आणि रस्ता आमचाच झाला. काय सकाळ होती! दोन्हीकडे झेंडूची शेतं, दसऱ्याच्या बाजारासाठी तोडणी चाललेली, टेम्पोत फुलांचे ढीग. तुरीला पिवळा बहर. पिंपळगावच्या तलावात पाणी चांगलं होतं आणि काठावर बगळे. मी बेल वाजवत होते, काही कारण नसताना. एका वळणावर तर मी चक्क ओरडले. हे दचकून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, छान वाटतंय."

डोंगरगणच्या दरीत शिरलो तशी झाडी दाट झाली. निंब, बाभळी, आणि उतारभर सीताफळीची झुडपं, फळांचे डोळे उघडलेले. मोर ओरडत होते. गडाच्या पायथ्याशी सायकली लावून वर चढलो. निजामशाहीतलं बांधकाम, अर्धं पडलेलं, पण कड्यावर उभं राहिलं की खाली सगळा मुलूख दिसतो. यांनी पाण्याच्या टाक्याशी वाकून, ते पाणी वर कसं चढवत असतील यावर मला अर्धा तास शिकवणी दिली. मी ऐकलं नाही. मी खाली आमच्या वस्तीचा अंदाज घेत होते. तिथून बघताना एकदम दादाचं हसणं आठवलं, आणि आप्पांचं ते "आली तर."

सव्वानऊला खाली उतरलो. घाटाच्या दिशेने दोन किलोमीटर गेलो असू, तोच माझं पुढचं चाक फसफसलं. बाभळीचा काटा, चांगला बोटभर. मी यांच्याकडे बघितलं. यांनी एका दगडाकडे बघितलं.

सायकली ढकलत पुढच्या फाट्यावर पोचलो तर तिथे पंक्चरवाला खरंच होता! पत्र्याची टपरी, दारात खुर्ची, खुर्चीत साठीचा माणूस, अंगात धुतलेला सदरा. त्याने चाक दाबून पाहिलं, काटा उपसून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "ताई, उद्या या."

"उद्या?"

त्याने टपरीत बोट दाखवलं. पाटावर पंप, पाने, कानस, हातोडी ओळीने मांडलेली. हळदकुंकू झालेलं, झेंडूची माळ घातलेली, उदबत्ती अजून जळत होती. "हत्यारं बसली सकाळीच. आज हात लावायचा न्हाई."

मला असा राग आला! "अहो, दहा मिनिटांचं काम आहे!"

"दहा मिन्टाचंच हाय," तो जराही न चिडता म्हणाला. "पन आज न्हाई."

मी पुढे बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मी तरी कुठे निघाले होते? असल्याच रांगेत सायकल लावायला. या माणसाला त्याचा पाना उचलायला लावून मी तिकडे कुठल्या तोंडाने हळदकुंकू वाहणार होते? माझा राग कुठे गेला कळलं नाही, नुसतं रडू यायला लागलं. तेवढ्यात दादाचा फोन. "कुठवर आलात? पिकअप पाठवू का?" आवाजात हसू होतंच. मी म्हटलं, "येते आहे," आणि फोन ठेवला. हे म्हणाले, "माझी सायकल घे, तुझी मी ढकलत आणतो." मनापासून म्हणाले. पण रांगेत मला माझीच लावायची होती, आणि तीही चालवत नेऊन.

टपरीमागून पंक्चरवाल्याची बायको चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं होतं. नवऱ्याला म्हणाली, "हत्यारं बसली. तुमचं हात बी बसलं का? गवत भरा की."

तो हसला. "व्हय की! आमचा म्हातारा भरायचा. तवा कुठली आलीत ट्यूब-बिब."

मग जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. त्याने नुसत्या अंगठ्यांनी टायरची एक कड रिमबाहेर काढून दाखवली. पाना नाही, पट्टी नाही. बाकीचं मला करायला लावलं. हे रस्त्याकडेचं गवत मूठमूठ उपटून आणत होते, हातावर चरे पडत होते, तरी गडावरच्यापेक्षा जास्त खुशीत होते. मी गवताचा पीळ करून रिकाम्या ट्यूबवर टायरमध्ये कोंबत होते, गादीत कापूस भरतात तसं. "आनखी घाला," पंक्चरवाला म्हणायचा. "अजून दबतंय. आनखी." कड परत आत बसवताना माझे अंगठे सोलले. सव्वाअकरा वाजले. चाक दाबून तो म्हणाला, "जाईल. पन घाटात बिरेक दाबून, हळू. आनी दगड चुकवा."

घाट मी हळूच उतरले, असं आप्पांना सांगितलं. खरं सांगायचं तर पहिली दोन वळणं हळू उतरले. चाक खसखस वाजत होतं, हँडल हातात थडथडत होतं, दात एकमेकांवर आपटत होते, आणि मला हसू आवरत नव्हतं. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने गवत बाहेर आलेलं चाक बघून गाडीच थांबवली. मागून हे ओरडत होते, "अगं, सावकाश!" खाली उतरल्यावर मात्र चढ नसलेल्या रस्त्यालाही पाय भरून आले. गवत बसलं होतं, चाक जड झालं होतं. घड्याळात बारा वाजले तेव्हा दोन किलोमीटर बाकी होते. मी रडत, हसत, पायडल मारत राहिले.

बारा पंचवीसला अंगणात शिरले. पूजा झालेली असणार, हे मी मनाशी धरूनच आले होते. दादा नारळ हातात धरून उभा होता, चेहरा वैतागलेला. "चारदा म्हणालो फोडू म्हणून. आप्पा फोडू देईनात."

आप्पा लिंबाखालच्या बाजेवरून उठले. हल्ली त्यांना कमी दिसतं. जवळ येऊन त्यांनी हँडल चाचपलं, मग पुढचं चाक. बोटांत गवत आलं. "हे काय गं?"

मी सांगितलं. काटा, पंक्चरवाला, बसलेली हत्यारं, सगळं. दादाही ऐकत होता आणि हसत नव्हता.

"चालवायला कुनी शिकवली?"

"कुणी नाही. माझी मीच शिकले."

आप्पांनी चाकावरून पुन्हा एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "मी शिकवायला पायजे हुती."

त्यांनीच स्वतःची पहार वाकून जरा सरकवली, कुऱ्हाडीच्या शेजारी सायकलपुरती जागा केली. वहिनीने लगेच कुंकवाची वाटी पुढे केली, पण आप्पांनी हाताने थांबवलं. "पूजा झाल्याव ती आज हालायची न्हाई. आधी एक चक्कर मार. बस."

मी बसले. ते मागे गेले आणि त्यांनी कॅरियर धरलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, अनवाणी, अंगणाच्या मातीत. डोंगर उतरून आलेल्या बाईला मागून धरायची काही गरज नव्हती आणि हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं. मी पायडल मारलं, इतकं सावकाश की सायकल पडते की काय असं वाटावं. ट्रॅक्टरला वळसा घातला, मशीनपाशी वळले. त्यांची पावलं मागे ऐकू येत होती, आणि धापही.

"सोडू का गं?" त्यांनी विचारलं.

"नका सोडू, आप्पा," मी म्हणाले. "एवढ्यात नका सोडू."